तासून गेलेली वर्षं

माणसं ओलांडून त्यांच्या खालचं लाकूड बघणारा आमच्या व्याह्यांसारखा दुसरा पुरुष देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत झाला नाही, पुढे होणारही नाही. माझ्या मुलीला बघायला आमच्याकडे मालवणात आले. ती पोहे घेऊन बाहेर आली, आणि होणारे सासरे कुठे? टेबलाखाली! डोक्यावर कोळिष्टकं घेऊन निघाले आणि भर बैठकीत म्हणाले, "मुलगी पसंत आसा. टेबल मात्र तुमच्या आजोबांच्या गलबतातलां नाय हां. ह्यां झाड तुमच्यापेक्षा ल्हान." त्या टेबलाच्या जिवावर मी जन्मभर गलबत मिरवलं होतं, दर पाहुण्यागणिक त्याला एक डोलकाठी वाढायची. त्या दिवशी ते बुडालं. आमची बायको अजून हसते आहे.

व्याही कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन जामसंड्याला परतले. सागाच्या खोडात दरसाल बाहेरच्या बाजूने एक वलय धरतं, बऱ्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं अरुंद. वर्षं ठाऊक असलेल्या झाडांशी ही रांग जुळवली की जुन्या लाकडाचा काळ निघतो, एवढं त्यांच्या संगतीत मलाही कळलं. पण त्यांचा तो छंद नव्हता, सोवळं होतं. एक वर्ष इकडचं तिकडे झालं तर ते उपास करतील अशी मला भीती वाटायची. जेवायला बसण्याआधी पाट उलटा करून बघायचे, विहीणबाई पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "बघा, पानातलां नंतर. आधी पाटाची कुंडली."

आमच्या गावच्या चर्चचं छप्पर बदलायचं निघालं तेव्हा मीच त्यांना बोलावलं. मधली जाडजूड तुळई आपल्या पणजोबाने चर्च बांधताना दिली, असं कातरीनमावशी लहानपणापासून सांगत आलेली. फादर म्हणाले, खरंच तितकी जुनी असेल तर ठेवू, नाहीतर वाळवीच्या वाशांबरोबर तीही उतरवू. व्याह्यांनी पोकळ गिरमिटाने तुळईतून पेन्सिलीएवढी कांडी काढली, पावसाळाभर तिच्यावर भिंग धरून बसले आणि एका रविवारी प्रार्थनेनंतर उभे राहिले. "आतली वर्सां गावली. भायली सुतारान तासून टाकल्यान. झाड कधी पाडलां, ता माका सांगूक येवचां नाय."

मी कोपराने ढोसलं. "अहो, ठोकून द्या तीनशे! कोण मोजतंय?"

"लाकूड मोजता."

मावशीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझो पणजो खोटो काय, मास्तरांनू?"

"तसां नाय गो. माका दिसणा नाय, इतक्यांच. दिसणा नाय म्हणजे झालां नाय, असां नाय." मग फादरकडे वळून म्हणाले, "पण एक सांगतंय. आत कीड नाय. ह्यां लाकूड तुमच्या नव्या छपराकय पुरून उरात."

तुळई राहिली. कांडी त्यांच्या टेबलावर राहिली.

गेल्या वर्षी विहीणबाई गेल्या. त्यानंतर व्याह्यांची एकेक आठवण गळत गेली, तीही बाहेरून आत. जामसंड्यातलं बालपण लख्ख, कॉलेज लख्ख, पण अलीकडचं काही नाही. संध्याकाळ झाली की विचारायचे, "ही खंय गेली?" पोरं सांगायची, कुडाळच्या बाजाराला. मग जावयाने मला गाठलं: बाबा तुमचं ऐकतील, जरा रंगवून सांगा.

रंगवायचं म्हटल्यावर मी काय मागे राहतो! कुडाळचा बाजार, चुकलेली एसटी, पिंगुळीच्या बहिणीने ठेवून घेतलेलं, असं चित्र उभं केलं की मलाच विहीणबाईंची वाट बघावीशी वाटली. व्याह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हातात ती कांडी होती. तिच्या तासलेल्या टोकावरून अंगठा फिरवत होते.

"व्याही," ते म्हणाले, "माझी भायली वर्सां गेली. तुमका ती दिसतत. खरां काय ता सांगा."

मी सांगितलं. आजार, दवाखाना, शेवटी विहीणबाईंनी त्यांचंच नाव घेतलं ते. ते रडले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरां केलात."

दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. हल्ली ते पोरांना विचारत नाहीत, माझी वाट बघतात. का ते त्यांनाही सांगता येत नाही. मी गेलो की कांडी हातात घेऊन विचारतात, "ही खंय गेली?" आणि मी पहिल्यापासून सांगतो. एकच गोष्ट दोनदा सारखी सांगितल्याचं पाप माझ्या हातून आजवर घडलं नव्हतं. ही मात्र कितीदा सांगितली कोण जाणे, अजून तिच्यात एक शब्द वाढलेला नाही.