काळ्या काचेतून काढलेला समुद्र
काल पुंडलिकनगरच्या घरी कॅमेऱ्याचा जुना ट्रायपॉड उघडला, तर त्याच्या पायातून फरशीवर वाळू सांडली. आमच्याकडं वाळू येते ती बांधकामाची, जाडी. ही बारीक, कोकणातली होती. काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन तिकडं गेलो होतो, त्या सुट्टीत मी लेन्सवर काळी काच लावून भर उन्हात अर्धा अर्धा मिनिट शटर उघडं ठेवत होतो. त्यानं लाटांचं धुकं होतं आणि चालणारा माणूस फोटोत उमटतच नाही. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघणारे वडील पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नेमके माझ्या समोरूनच फिरत होते. "आमचाबी एक काढ की," ते म्हणाले. "फिरा तुम्ही अण्णा, येत नसता तुम्ही यात," मी खुशीत सांगितलं. स्क्रीनवर रिकामा किनारा बघून ते हसले, "व्हय की, मी तर नायच!" मागच्या महिन्यात ते गेले, तेव्हा हार घालायला धड फोटो सापडेना, शेवटी कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. किनाऱ्याचा तो फोटो मी अजून ताणून ताणून बघतो. पाण्यावर साधी सावलीसुद्धा नाही. इतका साफ फोटो मला पुन्हा कधीच जमला नाही.