रेसकोर्सवरचं बिनआवाजाचं हसू

धायरीच्या माणसाने भल्या सकाळी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅम्पात पोचणे म्हणजे परदेशप्रवासच. फक्त व्हिसा लागत नाही. तरी निघालो, कारण ताईचा फोन आला: "आमचा हास्यक्लब रेसकोर्सवर राहतो की जातो, ते उद्या ठरणार. चार माणसं घाबरून येत नाहीयेत. तू उभा राहा."

ताई बिबवेवाडीची, निवृत्त शिक्षिका. भावोजी गेल्यावर घरात बोलेनाशी झाली होती. शेजारणीने ओढून या क्लबात आणलं, तेव्हा पुन्हा हसायला लागली.

सिंहगड रस्ता सकाळी रिकामा असतो म्हणतात, खरं निघालं. रेसकोर्सवर फिरायला तिकीट नाही, गाडी लावायला जागा मात्र लवकर येणाऱ्यालाच. कडेच्या धावपट्टीवर घोड्यांचा सराव चालतो, मधल्या मैदानात पुणेकरांचा. घोडे एकमेकांच्या चुका काढत नाहीत, एवढाच फरक.

भानगड अशी: गेल्या आठवड्यात क्लबच्या गडगडाटाने एक नवी घोडी बिचकली, स्वार खाली आला. लागलं नाही, पण तिचे प्रशिक्षक म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तिला परत आणतो. पुन्हा बिचकली, तर दुसरी जागा बघा."

"मग ती जाईपर्यंत थांबा की," मी म्हणालो.

"व्यायाम मध्येच सोडत नसतात," ताई म्हणाली. "हात वर, तोंड उघडं, आवाज बंद. जमेल ना पंडित?"

पंडित अशासाठी, की संस्कृत शिकताना मी हास्याचे सहा प्रकार पाठ केले होते. हा सातवा.

टापा ऐकू आल्या. वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक हात वर करून, जबडे फाकून, निःशब्द गदगदू लागले. ताईने डोळे घट्ट मिटले होते. घोडीने कान टवकारले, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे निघाली. तेवढ्यात कठड्याशी उभे असलेले प्रशिक्षकच खो खो हसत सुटले. घोडी ढिम्म.

"अहो, आवाज!" ताईने दटावलं.

"माझ्या आवाजाची सवय आहे तिला, बाई," ते डोळे पुसत म्हणाले. "आता तुमचीही होऊ दे. रोज थोडं थोडं मोठ्याने."

मग कॅम्पात बनमस्का आणि चहा. तिथे मात्र क्लबने मौन पाळलं नाही.

शर्यत मी अजून पाहिलेली नाही, घाईही नाही. घरी आरशासमोर सातवा प्रकार करून पाहिला, तर बायकोने विचारलं, "दाढ दुखतेय का?" हे सांगायला दुपारी ताईला फोन लावला. तिकडून हसू आलं, चांगलं मोठ्याने, बराच वेळ. एवढं ऐकायला धायरीहून रोज जायलाही हरकत नाही. रोज म्हणजे रविवारी.