स्क्रबरच्या नोंदी

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी स्क्रबरची वही लिहायचो. आम्लाची वाफ चिमणीतून सुटण्याआधी ज्या टाकीत कॉस्टिकच्या पाण्याने धुतली जाते, तो स्क्रबर. त्यात ते पाणी खेळवणारा पंप दर दोन तासांनी बघून नोंद करायची, अशी सरकारी परवान्यातली अट होती. मी सोमवारी सकाळी बसून अख्खा आठवडा लिहून टाकायचो. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं ठेवली होती.

एका गुरुवारी पंप बंद होता, प्लांट मात्र चालू. मागच्या पाड्यावरच्या एका बाईने तक्रार केली: काकडीचे वेल करपले, सुनेला श्वास घेता येईना.

चौकशीला अधिकारी आले. त्या बाईलाही बोलावलं होतं. अधिकाऱ्यांनी वही उघडली. गुरुवारी पंप चालू. खाली शुक्रवारीही चालू. शुक्रवारी वसाहतीत वीजच नसायची, कारखाना बंद असायचा. घाईत मी तोही दिवस भरला होता. त्यांचं बोट त्या ओळीवरून सावकाश खाली सरकलं.

"नोंदी व्यवस्थित आहेत. मावशी, चुलीचा धूर लागला असेल."

"चुलीनं येल करपतात का, सायेब? वहीला काय इचारता? ह्या माणसाला इचारा ना!"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पंप चालू होता," मी म्हणालो. तक्रार तिथेच मिटली.

मी आता निवृत्त होऊन सापगावला राहतो. कारखान्याला उत्पादन वाढवायचं आहे, म्हणून गेल्या महिन्यात जनसुनावणी झाली. एसटीने गेलो. मुरबाड जवळ येताच उतरून परत फिरावंसं वाटलं. पण मंडपात उभा राहिलो. त्या गुरुवारचं सगळं सांगितलं.

"आजोबा, तवा तोंडात काय कोंबला व्हता?" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

तक्रार करणारी ती बाईही तिथे होती. ती हसली नाही. अजूनही धापा टाकणाऱ्या सुनेला घेऊन माझ्यापाशी आली. "डाक्टर इचारतो, कसला धूर व्हता? आमाला सांगता येत नाय. तू चल. तू सांग."

मंगळवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. पोलिसांची भीती आहेच. पण डॉक्टर विचारतील, असं किती दिवस चाललं? तेव्हा त्या सुनेसमोर मला सांगावं लागेल, की पंप महिनोन्‌महिने बंद असायचा.