पांढरी साडी, पांढरी भिंत

परवा रविवारी एका पासपोर्ट साइज फोटोनं मला पुरता घाम फोडला. तोही मे महिन्यात, मानोऱ्याजवळच्या आमच्या गावी, लाइट गेलेली असताना...

झालं असं, की आमची आई पुढच्या महिन्यात श्रीलंकेला चाललीय. वय सत्तरच्या पुढं, विमान आजवर फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. आजूबाजूच्या गावांतल्या उपासक-उपासिकांचा ग्रुप आहे, आठवडाभराची सहल, आणि मुख्य म्हणजे अनुराधापूरचा बोधिवृक्ष.

हे स्वप्न खरं तर बाबांचं. बाबा एसटीत कंडक्टर होते. पोहरादेवीची यात्रा, शिरपूरचं दर्शन, कुणाचं लग्न, कुणाची मयत... सगळ्यांना तिकीट फाडून द्यायचे, स्वतः मात्र नागपूरच्या दीक्षाभूमीच्या पुढं कधी गेले नाहीत.

आमच्या विहारामागं त्यांनी पिंपळ लावला होता. ड्युटीवरून आले की खाकी कपड्यांतच त्याला पाणी घालायचे आणि म्हणायचे, "याचा मोठा भाऊ लंकेत हाये. रिटायर झालो का भेटून येऊ." रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, जायच्या वर्षभर आधी, हौसेनं दोघांचे पासपोर्टही काढून आणले. बाबांचा कोराच राहिला... त्यांना जाऊन आता तिसरं वर्ष.

श्रीलंकेला जायचं तर आधी ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. ती टूरवाल्या ताईच सगळ्यांची काढणार होत्या. आपण फक्त पासपोर्टची कॉपी आणि पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा फोटो मोबाईलवर पाठवायचा. मी वाशीमहून खास त्यासाठी गावी गेले. चहा होईस्तोवर काम आटपेल, असं वाटलं होतं.

आई तयारच बसली होती. पांढरी साडी, नीळ दिलेली, चापूनचोपून नेसलेली. चुना दिलेल्या भिंतीपुढं तिला उभं केलं, फोटो काढला आणि पाठवून दिला.

लगेच ताईंचा मेसेज... काकूंचा फक्त चेहरा दिसतोय, खांदेच दिसत नाहीत. गडद कपड्यांतला फोटो पाठवा. आज संध्याकाळी सगळ्यांचे अर्ज भरतेय, ज्यांचं राहील त्यांचं या ग्रुपमधून जमणार नाही.

मी फोटो नीट पाहिला. खरंच, भिंतीतून कुणी तोंड बाहेर काढावं तशी आई दिसत होती! मला हसू आवरेना. आईला मात्र अजिबात हसू आलं नाही.

"पांढऱ्या कपड्याले नाही म्हनते? बोधिवृक्षापाशी जायाचं हाये, बाजारात नाही. परवानगी मांगाची त पांढऱ्यावरच मांगाची."

"अवं आई, परवानगी सरकार देते, झाड नाही देत!"

"मले नोको सांगू. तुह्या बाबानं कधी रंगीत कपड्यावर वंदना घेतली काय?"



पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात निळीची बादली असायची. तारेवर बाबांचा सदरा, आईची साडी आणि माझा फ्रॉक शेजारी शेजारी वाळायचे. पौर्णिमेला बाबांची ड्युटी असली तर ते उशिरा, घामेघूम होऊन यायचे. अंगावर दोन तांबे पाणी घेऊन पांढरा सदरा चढवायचे, आणि मगच आम्ही तिघं विहारात जायचो. त्यांच्याशिवाय आई पाऊल उचलायची नाही. खरं सांगते, परवा त्या साडीच्या वासानं बाबांची फार फार आठवण आली.

पण संध्याकाळ जवळ येत चालली होती. मी निळी साडी काढली, हिरवी काढली, आई हात लावेना. शेवटी माझा पारा चढला. "मंग राह्य घरीच!" म्हणून बसले... आणि लगेच जीभ चावली.

आई उठली आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. संपलं, म्हटलं. आता ही पासपोर्ट आणून माझ्या हातात ठेवते आणि सहलीचं नाव काढत नाही.

आई बाहेर आली ती बाबांचा स्वेटर घालून. मे महिन्यात! तोच तपकिरी स्वेटर, पहाटेच्या गाडीवर थंडी वाजते म्हणून तिनंच विणलेला. दुसरं बटण वेगळंच, माझ्या शाळेच्या फ्रॉकचं काढून लावलेलं. घरभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. आत पांढरी साडी तशीच.

"काढ आता. खांदे दिसतीन."

कपाळावरून घाम ओघळत होता, पण बाई ताठ उभी. मी तिचा घाम पुसला, माझे डोळे पुसले आणि फोटो काढला. या वेळी ताईंचा अंगठा आला.

काल परवानगी आली. मी लगेच आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "फोटो कसा दिसते त्याच्यावर?"

आता पंचाईत अशी, की त्या कागदावर फोटो नव्हताच. नाव, पासपोर्टचा नंबर, तारखा, बस्स... मी भीत भीत सांगितलं.

"पन त्यायनं पाह्यला न फोटो?"

"पाह्यला. पास झाला म्हून त पुढं गेलं."

"मंग झालं. स्वेटर बॅगीत टाकते."

"आई, तिकडं लय गरम होते वं!"

"होऊ दे. त्यालेबी परवानगी भेटली हाये आता."



पहिला फोटो परत पाठवणाऱ्या त्या टूरवाल्या ताईंचे मनापासून आभार. तो पास झाला असता, तर आई एकटीच गेली असती...