फेकायचं पाणी

“मॅडम, तुमचा पेशंट चोरून खातो.”

डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला. रिपोर्ट भास्करभाऊंचा होता. पाच-साडेपाचच्या आत हवं ते पोटॅशियम पुन्हा साडेसहाच्या वर.

“पथ्य सांगून झालंय, साहेब. पुन्हा सांगते.”

“सांगून काय होणार? ईसीजीत बदल दिसायला लागलाय. आजच्या डायलिसिसनं उतरेल. पण पुढच्या वेळी असंच वाढून आलं, तर मी त्यांना घरी सोडणार नाही. तेही ते जिवंत इथपर्यंत पोचतील, असं धरून बोलतोय.”

मी बुलढाण्याला एका डायलिसिस सेंटरमध्ये आहारतज्ज्ञ आहे. लोक मला ‘डाएटवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मी येताना दिसले की बिस्किटाचा पुडा उशीखाली सारतात. माझं काम सोपं सांगायचं तर असं : किडनी काम करेनाशी झाली की जे खाऊ-पिऊ ते अंगात साठत जातं. त्यात सगळ्यात दगाबाज पोटॅशियम. ते भाज्यांत असतं, फळांत असतं, डाळींत असतं, म्हणजे आपण ज्याला चांगलंचुंगलं म्हणतो त्या सगळ्यात असतं. रक्तात ते फार वाढलं तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि कधी ते थांबतंसुद्धा. आधी दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मला त्याची भीती वाटते.

भास्करभाऊ धामणगाव बढेच्या बाजूचे. शेतात वांगी, टमाटे, मेथी, पालक. ज्या माणसानं जन्मभर भाजी पिकवली आणि पोटभर खाल्ली, त्यालाच मी भाजी कशी खायची ते शिकवत होते. त्यांनी ते मुकाट्यानं ऐकलं होतं. डायलिसिसला दरवेळी बायको सोबत असायची, प्रमिलाताई. सांगितलेलं सगळं लक्षात ठेवणारी बाई.

मी बेडपाशी गेले. रिपोर्टची बातमी तिथं माझ्याआधी पोचली होती.

“देवाची आन मॅडम, मी बाहेरचं काहीच खात नाही,” भास्करभाऊ म्हणाले.

“मंग वाढते कसं?” प्रमिलाताई स्टुलावरून कडाडल्या. “घरात तं मी शिस्तीत करून राह्यली. भाजी घेऊन बाजारात जाता तवा कोण पाह्यते तुमच्याकडं? भज्याच्या गाडीवाला तुमचा दोस्तच हाये.”

“वं, त्याच्याकडं मी आता पाह्यतबी नाही.”

“पाह्यत नसान. खात असान.”

शेजारच्या बेडवरचे गृहस्थ हसले. भास्करभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. एका हाताला नळ्या लावलेल्या, त्यामुळे माणसाला धड रागानं उठूनही जाता येत नाही.

मी माझी नेहमीची उलटतपासणी घेतली. केळी? नाही. शेंगदाण्याचा कूट? बंद. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळतं ते मीठ? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच भरलेलं असतं आणि भली भली शिकलेली माणसं ते हौसेनं आणतात. तेही नाही. शहाळं? आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि किडनीवाल्याला शहाळ्याइतका वाईट आहेर दुसरा नाही.

“शहाळं घेऊन आलं कोणी तं मी दारातूनच वापस करते,” प्रमिलाताई म्हणाल्या. “यायची सख्खी बहीण रुसून बसली हाये त्याच्यापायी.”

“आणि मी सांगितलं तसं लीचिंग करता ना?”

लीचिंग म्हणजे भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात भिजत घालायची, मग ते पाणी काढून दुसऱ्या भरपूर पाण्यात उकळायची आणि तेही पाणी काढून टाकायचं. भाजीतलं बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. डाळीचंही तसंच.

“हाव तं. दोन टाइम. तुम्ही सांगतलं तसंच.”

एक गोष्ट मात्र मला खात होती. आमच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण लघवी जवळजवळ होत नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये जे प्यालं ते अंगात राहतं आणि वजनकाट्यावर दिसतं. भलेभले तिथं पकडले जातात. भास्करभाऊंचं वजन दरवेळी चोख. तहानेपुढं भूक काहीच नाही. जो माणूस तहानेला इतका इमानदार, तो भज्यांसाठी बेइमानी करेल हे माझ्या डोक्यात शिरेना.

मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, “मी त्यांच्या घरी जाऊन येते.”

“होम व्हिजिट तुमच्या कामात येत नाही, मॅडम.”

“रविवारी जाते. जेवायला बोलावलंय असं समजा.”

“बोलावलंय का?”

“आता बोलावून घेते.”

रविवारी मोताळा ओलांडून मी त्यांच्या घरी पोचले. प्रमिलाताई जराशा ओशाळल्या होत्या. “मॅडम, तुमच्यासाठी येगळी भाजी टाकते. घरात आम्ही सारे यायचीच अळणी खातो, पण तुम्हाले नाही चालणार.”

“मला त्यांचीच हवी. आणि तुम्ही करताना मी इथंच बसते.”

मी पाटावर बसले आणि परीक्षकासारखी बघत राहिले. त्यांनी वांगी बारीक चिरली. पाण्यात घातली. डाळ तर आधीपासूनच भिजत होती. भाजीचं पाणी बदललं. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आधण ठेवलं, त्यात फोडी उकळल्या आणि चाळणीत निथळल्या. डाळीचंही वरचं पाणी काढलं. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क देत होते. निथळलेलं पाणी त्यांनी एका गंजात जमा केलं आणि वर ताटली झाकली. गोठ्यात म्हैस होती. मला वाटलं, तिच्यासाठी असेल.

मग त्यांनी ती भाजी तशीच, चिमूटभर मीठ आणि हळद घालून, ताटात वाढायला घेतली.

“फोडणी?” मी विचारलं.

“फोडणी चालते?”

“फोडणीनं कोणाचं काय बिघडवलंय?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. किडनीचं पथ्य म्हणताच या बाईनं लसूण, जिरं, हिंग, मिरची सगळ्याला रजा दिली होती. हा घोटाळा मी फार घरांत बघते. मीठ कमी करायला सांगितलं की लोक चवच बंद करतात. वऱ्हाडातल्या माणसाला बिनफोडणीचं वांगं म्हणजे शिक्षाच झाली. मी उठले, कढई ठेवली. तेल, जिरं, ठेचलेला लसूण, लाल मिरचीचे दोन तुकडे, हिंग. त्यात त्या फोडी परतल्या, वर कोथिंबीर. वरणालाही वरून लसणाची फोडणी दिली. अंगणात बसलेले भास्करभाऊ वासानं आत आले.

ते जेवले ते बघण्यासारखं होतं. मधेच थांबून म्हणाले, “आज भाजी खाल्ल्यासारखं वाटलं, मॅडम. इतले दिवस नुसतं गिळून राह्यलो होतो.” माझंही बरं जेवण झालं. नेहमीचं वांगं नव्हे ते, उगाच खोटं कशाला बोलू. पण अळणीही नव्हतं.

जेवण संपलं. प्रमिलाताईंनी ताटली झाकलेला तो गंज पुढे ओढला, स्टीलच्या ग्लासात अर्ध्यावर पाणी ओतलं, त्यात लिंबू पिळलं आणि नवऱ्यापुढं धरलं. पाणी तांबूस, गढूळ होतं.

“हे काय?”

“यायचं पाणी.”

“भाजी उकळलेलं?”

“भाजीचं अन् डाळीचं, दोन्ही.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. “तुम्हीच सांगतलं नं मॅडम, भाजीतलं सारं पाण्यात उतरते म्हणून. अन् पाणी तं यायले दिवसाचं इतलंसंच. मंग त्या इतल्याशात साधं पाणी काऊन द्यायचं? हे देते. सत्त्व तं पोटात जाते. मापाच्या वर एक थेंब जाऊ देत नाही मी.”

मी म्हटलं, “भाऊ, ग्लास खाली ठेवा.”

त्यांनी ठेवला. रागवायचं कोणावर? आपल्याकडे तापातून उठलेल्याला पहिल्यांदा काय देतात? वरणाचं पाणी. पुरणाची डाळ शिजवली की तिचा कट कोण मोरीत ओततं? त्याची आमटी होते आणि पोळीपेक्षा तीच आधी संपते. माझी आईही असं पाणी फेकू देत नसे. ‘पाणी काढून टाका’ हे प्रमिलाताईंनी अगदी बरोबर ऐकलं होतं. भाजीतून ते काढलंच होतं. ते माणसातही जाऊ द्यायचं नाही, असं कोणाच्या स्वप्नात आलं असतं? माझ्याही आलं नव्हतं.

गोल गोल बोलणं मला जमत नाही. मी सरळ सांगितलं. भाजीतून जे काढायचं तेच या पाण्यात आहे, आणि साऱ्या घरच्या भाजीचं, डाळीचं मिळून आहे. भाऊंचं पोटॅशियम इथूनच वाढतंय.

प्रमिलाताई होत्या तिथं खाली बसल्या. “म्हंजे मीच पाजून राह्यली होती.”

“ताई, इतक्या नेकीनं पथ्य सांभाळलेलं मी दुसरं घर पाहिलं नाही. एकच पायरी उलटी पडली.”

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. “अन् मी तुम्हाले चोर म्हटलं. साऱ्या लोकाइच्या पुढं म्हटलं.”

“जाऊ दे नं वं,” भास्करभाऊ म्हणाले. मग ग्लासाकडे बघत सावकाश म्हणाले, “मले तं ते पेवलंच जात नव्हतं.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“काय सांगू? तू रोज पुढं बसून पाहे. मी पेलो की तुह्या जिवाले बरं वाटे. नाहीतं दिवसभर तुह्यं तोंड कसं राहे, मले मालूम हाये. म्हटलं, पेऊन घेऊ. दुसरं काय करू शकतो मी तुह्यासाठी, बिमार माणूस.”

प्रमिलाताईंनी पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. मग मी तो गंज उचलला आणि अंगणात गेले.

“मोरीत नका टाकू मॅडम,” आतून आवाज आला. “त्या कढीपत्त्याले टाका.”

पुढच्या तपासणीत पोटॅशियम खाली आलं. त्याच्या पुढच्यातही खालीच राहिलं. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

“काय चोरून खात होते शेवटी?”

“चोरून काहीच नाही, साहेब. बायकोच्या समोर पीत होते.”

सगळं सांगितल्यावर ते कधी नव्हे ते माझ्या खुर्चीसमोर बसले. नंतर स्वतः भास्करभाऊंच्या बेडपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काका, तुम्ही खरं बोलत होता.” भास्करभाऊंनी शेजारच्या बेडकडे पाहिलं. शेजारच्यांनी ऐकलं होतं.

पथ्य प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं. भास्करभाऊंचं वाचून कोणी घरी सुरू करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. मी माझ्या कामात मात्र एक सुधारणा केली. आता लीचिंग शिकवून झालं की मी शेवटी विचारते, ते पाणी कुठं जाणार? ‘मोरीत’ किंवा ‘झाडाला’ असं उत्तर आल्याशिवाय कोणाला उठू देत नाही. नुसतं ‘फेकू’ म्हटलेलं मी धरत नाही. आपल्या बायका ‘फेकू’ म्हणतात आणि वाटीत काढून ठेवतात.

परवा प्रमिलाताईंनी मला त्याच कढीपत्त्याच्या डहाळ्या आणून दिल्या. पानं बोटाएवढी लांब, काळीशार हिरवी. रोज दोन टाइम सत्त्व मिळतं त्याला. मी डहाळ्या पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात बेडवरून भास्करभाऊ म्हणाले, “मॅडम, घरी नेल्या तं नेल्या, आधी त्याचं पोटॅशियम तपासून घ्या. आमच्या घरात त्यालेबी कोणी विचारून नाही पाजत.”