आमची नावं पेन्सिलने

भूलशास्त्र विभागातला आमचा पहिलाच सोमवार. विभागप्रमुख सरांनी हजेरीपट पुढे ओढला आणि विचारलं, "सेवेतल्या कोट्याचे कोण? उभे राहा."

आम्ही तिघं उभे राहिलो. सर्वांत मोठी मी, सदतीस वर्षांची. सर कारकुनाला म्हणाले, "यांची नावं पेन्सिलने लिहा. प्रकरण कोर्टात आहे. टिकले तर शाईने लिहू."

मागून कुणीतरी म्हणालं, "झेडपीची बस आली." वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी आठ वर्षं वैद्यकीय अधिकारी. घर सिंदी मेघेला. रुग्णालयात शस्त्रक्रियागृह आहे. स्त्रीरोगतज्ज्ञही मिळाले. भूल देणारं कुणी नाही. म्हणून सिझेरियन होत नाही. बाईला गाडीत घालायचं, वर्ध्याला पाठवायचं.

आमच्यासारख्यांसाठी पदव्युत्तर शिक्षणात काही जागा राखीव असतात. प्रवेश परीक्षा चुकत नाही. शिकून पुन्हा सरकारी सेवेत यायचं, असं बंधपत्रही द्यावं लागतं. मी दिलं होतं. निघताना आमच्या आशा कार्यकर्त्या मंदाताई म्हणाल्या होत्या, "जा तुमी मॅडम. शिकून येजा. किती बाया गाडीत घालाच्या आपुन?"

ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी याचिका केली. त्यांचं दुःख मला कळतं. तीही वर्षानुवर्षं अभ्यास केलेली मुलं. पण याचिकेत आमचं वर्णन होतं, गुणवत्ता डावलून आलेले. न्यायालयाने निकालापर्यंत आमचे प्रवेश थांबवले. आम्ही मूळ जागी परत.

निघायच्या दिवशी सरांनी छापील अर्ज पुढे केला. 'मी स्वेच्छेने जागा सोडत आहे.' सही झाली की निकालाची वाट न बघता जागा दुसऱ्याला देता येणार होती. दोघांनी केली. मी म्हटलं, विचार करून कळवते.

"विचार कसला?" सर म्हणाले. "तुम्हाला पगाराची नोकरी आहे. हुशार मुलांच्या आड येऊ नका."

अर्ज पर्समध्ये घालून घरी आले. खरं सांगते, सही करणारच होते. थकले होते.

पुढच्याच आठवड्यात मंदाताईंची लेक रुग्णालयात आली. बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ आडवं होतं, हात आधी बाहेर आला. आमचे स्त्रीरोगतज्ज्ञ समोर उभे होते. भूल कोण देणार? मला येत नव्हती. तेच तर शिकायला गेले होते.

गाडीत मी तिच्याजवळ बसले. अर्ध्या वाटेत तिच्या कळा एकाएकी थांबल्या. कळा अशा थांबतात तेव्हा गर्भाशय फाटलेलं असतं. मला ते माहीत होतं. मंदाताईंना वाटलं, लेकीला आराम पडला. त्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही.

वर्ध्याला पोचलो तेव्हा बाळही नव्हतं आणि तीही.

तेराव्याला गेले. मंदाताईंनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं ते भुलीचं शिकनं कुठवर आलं जी?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन अर्ज परत दिला. सहीच्या जागी लिहिलं होतं, 'माझी अशी इच्छा नाही.' सर म्हणाले, भावनेच्या भरात आहात. पोच मागून घेतली आणि निघाले.

मग वकील केला आणि त्या याचिकेत आमची बाजू मांडायला स्वतःहून सामील झाले. प्रतिज्ञापत्र वाचून वकील म्हणाले, "हा सातवा परिच्छेद काढा, मॅडम. तिथे रडणं चालत नाही."

"हे रडणं नाही," मी म्हटलं. "टेबल होतं, सर्जन होता, भूल नव्हती. एवढंच लिहिलंय."

मंदाताईंना विचारूनच लिहिलं होतं. त्यांनी लेकीचं पूर्ण नाव सांगितलं, सासरचं आणि माहेरचंही. कुठलं लिहू विचारलं, तर म्हणाल्या, दोन्ही लिहा.

निकाल विरुद्ध गेला तर पुन्हा परीक्षेला बसेन. माझ्या मागून येणाऱ्यांनाही बसवेन. आम्ही कुणाची जागा घेतली, हे ज्यांना विचारायचं आहे त्यांनी खुशाल विचारावं. आधी तिचं नाव वाचावं लागेल. सातवा परिच्छेद मी काढणार नाही.