बाबांची बदली

"आइका जी, आइका," असं म्हणत बाबा कुंपण कापायची मोठी कातर थेट समोरच्याच्या कानाशी आणत आणि हळूच मिटत. खच्‌ असा स्वच्छ आवाज होई. मग विचारत, "बोलून राह्यली का नाई?" हो म्हटल्याशिवाय सुटका नसे. "कातर बोलली पायजे. रडली तं समजायचं, माळी झोपला."

उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात मी कंपौंडर म्हणून रुजू झालो तेव्हा विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता. दवाखाना आणि शेजारचा डाकबंगला यांच्यामध्ये भिंत नव्हती, मेंदीचं कुंपण होतं. बाबा डाकबंगल्याचे माळी. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातले. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले, डोक्याला मळकट लाल पागोटं. त्यांना सगळेच बाबा म्हणत, ओव्हरसियरसाहेबसुद्धा.

"आमचे बापजादे बैलावर मीठ लादून मुलूख फिरले," ते सांगत. "आन्‌ मी पाहा, एकाच कुंपणाले चकरा मारून राह्यलो."

कुंपण कापून झालं की कातरीची सरबराई सुरू होई. पात्यांना चिकटलेला हिरवा रस आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा. मग धारेचा दगड पाण्यात भिजवून पातं त्याच्यावर एकाच दिशेने ओढायचं. मधला बोल्ट पान्याने आवळायचा, पुन्हा थोडा ढिला करायचा, आणि शेवटी एरंडीच्या तेलाचा थेंब. हे सगळं करताना ते तिच्याशी बोलत. शब्द गोरबोलीतले, म्हणजे त्यांच्या तांड्याच्या भाषेतले, त्यामुळे आम्हाला कळत नसत. पण सूर लेकराला न्हाऊ घालतानाचा असे.

एकदा ओव्हरसियरसाहेबांच्या बाईंनी वाळत घालायची तार तोडायला ती कातर परस्पर नेली. पात्याला खाच पडली. बाबा दुपारी जेवले नाहीत. बाई स्वतः येऊन म्हणाल्या, "अहो बाबा, लोखंडच ते. त्याला काय होतंय?"

"तुमच्या तोंडात चण्याच्या जागी खडा आला असता तं, बाईसाहेब?" बाबा म्हणाले. बाईंना हसू आलं, मग बाबांनाही आलं. पण त्या दिवसापासून कातर खोपटात कुलपाआड राहू लागली. बंगल्यावर कोणी मोठा अधिकारी उतरला की बाबा ती गवतात लपवत. "साहेब लोकायले कातर दिसली का कापून पाहा वाटते. न्हाव्याच्या दुकानात असं करतेत का ते?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं एवढंसं काम असं काही धरून बसतात की त्यांची थट्टा करावी वाटते आणि थोडा हेवाही.

धार पाहायची त्यांची रीत म्हणजे अंगठा. पात्यावरून आडवा अंगठा फिरवायचा आणि मान डोलवायची. एका सकाळी मी कुंपणापाशी उभा राहून त्यांच्याशी बोलत होतो. ते दगडावर पातं ओढत होते, मधून मधून अंगठा फिरवत होते. बोलता बोलता माझं लक्ष खाली गेलं. ओला दगड लाल झाला होता.

"बाबा, अंगठा कापला!"

त्यांनी हात वर करून पाहिला. दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा पाहावा तसा. "व्हय का?" म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा पातं ओढू लागले.

मी त्यांना ओढतच दवाखान्यात आणलं. जखम खोल होती. टिंक्चर आयोडीन ओतलं तरी चेहऱ्यावर रेष हलली नाही. बाही वर केली तेव्हा कोपराजवळ फिकट चट्टा दिसला. "ते गजकरन हाये," बाबा म्हणाले. "कवाचंच हाये. दुखत नाई, खाजत नाई."

मला जे वाटलं ते मी बोललो नाही. डॉक्टरांना बोलावलं. आमचे डॉक्टर वयस्क, मितभाषी होते. त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. म्हणाले, "कापसानं हाताला स्पर्श करतो. कळलं की हो म्हणा."

बाबा डोळे मिटून शहाण्या मुलासारखे बसले. डॉक्टर कापूस फिरवत राहिले, बोटांवर, तळव्यावर, त्या चट्ट्यावर. बराच वेळ गेला. शेवटी बाबाच म्हणाले, "लावा ना जी. कवा लावता?"

डॉक्टरांनी कापूस खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

महारोग. तो शब्द डॉक्टरांनी दार लोटून, हलक्या आवाजात उच्चारला. आता गोळ्या निघाल्या आहेत, गुण येतो, पण वेळ लागतो, मेलेल्या बोटांत जीव येईलच असं नाही, हे सगळं सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, "कोणाले सांगता का?"

"मी नाही सांगणार," डॉक्टर म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. पण हात वाट पाहत नव्हता. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत वळू लागलं. बोल्ट किती आवळला गेला ते त्यांना बोटांनी कळेना. कातरीच्या मुठींना त्यांनी चिंध्या गुंडाळल्या. कुंपणाची पानं तुटायच्या जागी चेंगरू लागली. मग एक दिवस कोणी नाही असं पाहून ते कातर घेऊन माझ्याकडे आले. पातं पुढे केलं आणि म्हणाले, "कंपौंडरसाहेब, तुमचा अंगठा लावून पाहा. हाये का धार?"

मला कातरीतलं काय कळतं? मी अंगठा लावला. भीतभीत. "आहे," म्हणालो.

"नीट पाहा. चावते का नुसती चाटते?"

"चाटते."

ते पुन्हा दगडाकडे गेले. नंतर हे नेहमीचंच झालं. त्यांचा हात मी काही बरा करू शकत नव्हतो. माझा अंगठा तेवढा देत होतो.

ही गोष्ट किती दिवस झाकून राहणार? बंगल्याच्या खानसाम्याला बोटं दिसली. त्याने माठाजवळ बाबांसाठी वेगळा पेला ठेवला, दुसऱ्या दिवशी तो पेलाही उचलला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. मग ओव्हरसियरसाहेब दवाखान्यात येऊन बसले. डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ समजावलं. ते खाली पाहत म्हणाले, "मला पटतं हो. पण इथे वरचे साहेब उतरतात. उद्या मला विचारलं तर मी काय सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणावर रागवावं तेच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी दूरच्या एका महारोग्यांच्या वसाहतीत सोय केली. तिथे औषध होतं, राहायला खोली होती, आणि जमेल तसं बागेचं कामही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरीचं लगन ठरलं हाये जी. पावन्यायले हे समजलं तं मोडन. मांग अजून एक पोट्टी हाये."

"मग?"

"बदली झाली म्हना. तिकडच्या बंगल्यावर बदली. सरकारी मानसाची होतेच ना बदली?"

याडीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, तेवढं खरं सांगितलं होतं. त्यांची मुलं तिला याडी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणत असू. निरोपाला ती मोटारीपर्यंत आली. तिने भाकरीचं फडकं दिलं आणि जरा लांब उभी राहिली. जवळ येऊ नको असं त्यांनीच बजावलं होतं. मोटारीत जागा होती. मी म्हटलं, "बाबा, बसा ना." ते दांड्याला कोपर अडकवून उभेच राहिले. "उभाच बरा जी. कोनाले लागन."

मोटार सुटली तशी उभ्याउभ्याच त्यांनी पागोट्यापाशी हात नेला, आणि मध्येच वळलेली बोटं आठवून तो खाली घेतला.

ते परत आले नाहीत. पुढे दोन-तीन पावसाळ्यांनंतर तिथेच तापाने गेले, असं डॉक्टरांना कळलं. कातर डाकबंगल्याच्या खोपटात लटकत राहिली. उकळून घेतली की झालं, असं डॉक्टर सांगून थकले, पण नव्या माळ्याने तिला हात लावला नाही. मी दोनदा तेल दिलं. नंतर ती मोडीत निघाली.

पण बाबा म्हटले की मला आठवतं ते त्यांच्या पोरीचं लग्न. बाबा त्या वसाहतीत गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. याडीने निरोप पाठवला, "बंगल्याकडचं कोनी तरी दिसलं पायजे," म्हणून मी फुलसावंगीला गेलो आणि तिथून चालत तांड्यावर. मांडव भरलेला होता. मला बाजेवर बसवून चहा दिला. तांड्याचे नायक, पिकल्या मिशांचे म्हातारे, माझ्यासमोर येऊन बसले.

"काहून जी, पोरीच्या लगनाले बापाले सुट्टी नाई?"

"साहेबानं दिली नाही," मी म्हणालो.

"असा कोनता साहेब हाये? त्याले लेकी नाई काय?"

"फार कडक आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नवऱ्या मुलाचा बाप उठून उभा राहिला. "नाव सांगा त्याचं. आमी वरपर्यंत तक्रार करतो!" चारजण त्याच्याबरोबर उठले. मी चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. मला नाव ठाऊक नाही, असं कसंबसं म्हणालो.

मग मांडव त्या बिननावाच्या साहेबाला शिव्या देऊ लागला. त्याचं घर उन्हात पडो, त्याच्या दारात बैल न बांधला जावो, त्याला पाणी पाजायला कोणी न उरो. नवरी मुलगी डोक्यावरची ओढणी तोंडात धरून रडत होती. आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात, दोन्ही हात आभाळाकडे करून, त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती याडी. बायका तिला आवरू लागल्या, "जाऊ दे, आज लगन हाये." ती थांबत नव्हती. शिव्या देता देता तिचा आवाज फाटला, शब्द संपले, तरी ती हात खाली घेईना.